दुसरा डाव

महाभारतातले द्यूत आठवताना आपण बहुधा पहिल्या खेळापाशीच थांबतो. राज्य गेले, भाऊ गेले, युधिष्ठिर स्वतः गेला, द्रौपदी पणाला लागली. पण पैशाच्या व्यवहाराबद्दल काही शिकायचे असेल तर सभापर्वात त्याच्या पुढे काय घडते ते वाचावे. द्रौपदीला मिळालेल्या वरांनी पांडव दास्यातून सुटले आणि धृतराष्ट्राने त्यांचे राज्यही परत केले. हरलेले सगळे हाती आले होते. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले, बरेच अंतर गेलेही, आणि मागून प्रातिकामी नावाचा सूत निरोप घेऊन आला: पुन्हा खेळायला बोलावले आहे. या खेळात नाश आहे हे युधिष्ठिराला कळत होते. तरी काकांची आज्ञा मोडवत नाही म्हणून तो मागे फिरला. या दुसऱ्या खेळाला अनुद्यूत म्हणतात. तो एकाच डावाचा होता, आणि बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास त्याच डावात ठरला.

आता इ. स. १७२०चे लंडन. साउथ सी कंपनीचे शेअर चढत होते. आयझॅक न्यूटन तेव्हा इंग्लंडच्या टाकसाळीचा प्रमुख होता. नाणी आणि आकडे हे त्याचे रोजचे काम. त्याने चढत्या भावात शेअर विकले आणि चांगला नफा पदरात पाडून घेतला. त्याच्या विक्रीनंतरही भाव वर जातच राहिला. उन्हाळ्यात न्यूटन पुन्हा बाजारात उतरला, तोही शिखराजवळच्या भावाला. त्याच वर्षी फुगा फुटला आणि त्याचे मोठे नुकसान झाले.

दोघेही अडाणी नव्हते. एकाला धर्माचा विचार कळत होता, दुसऱ्याला गणित. मोठे नुकसान दोघांचेही दुसऱ्या डावात झाले. क्रिप्टोत पैसे गमावल्यावर मनाला लावायची शिस्त हा या प्रकरणाचा विषय आहे, आणि ती शिस्त मुख्यतः याच दुसऱ्या डावासाठी लागते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका तरुणाने पगारातून बाजूला टाकलेले दोन लाख रुपये क्रिप्टोत घातले. पडझडीत त्यातले चाळीस हजार गेले. लागलेच, पण संसार मोडला नाही. उरलेले एक लाख साठ हजार त्याने चाळीस हजार भरून काढण्यासाठी दसपट लिव्हरेजवर, म्हणजे दसपट उसनवारीच्या सौद्यात लावले. भाव दहा टक्के विरुद्ध गेला आणि ते संपले. मग त्याने एक लाखाचे वैयक्तिक कर्ज काढले; तेही त्याच वाटेने गेले. तो सगळ्यांना सांगतो की क्रिप्टोत माझे तीन लाख बुडाले. खरे तर बाजाराच्या पडझडीत गेले चाळीस हजार. बाकीचे दोन लाख साठ हजार त्या चाळीस हजारांचा पाठलाग करताना गेले.

तोटा भरून निघायला किती लागते

मनाकडे वळण्याआधी अंकगणित नीट पाहून घेऊ, कारण तोट्याचे अंकगणित दिसते तितके सरळ नाही. शंभराचे नव्वद झाले, तर पुन्हा शंभरावर यायला अकरा टक्के वाढ पुरते. शंभराचे पन्नास झाले, तर शंभर टक्के वाढ लागते. वीस उरले असतील तर चारशे टक्के, आणि दहाच उरले असतील तर नऊशे टक्के. उतरणीचा रस्ता आणि चढणीचा रस्ता एकाच लांबीचे नसतात.

बिटकॉइनचेच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचा भाव ६९ हजार डॉलरच्या आसपास पोचला होता. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात, एफटीएक्स या मोठ्या एक्स्चेंजने दिवाळखोरीचा अर्ज केला त्या दिवसांत, तो १६ हजारांच्या खाली गेला. तीन चतुर्थांशाहून जास्त मूल्य गेले होते, आणि मूळ भावाला यायला चौपटीहून अधिक वाढ लागणार होती. ती व्हायला मार्च २०२४ उजाडला. म्हणजे सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत जास्त उलाढालीच्या नाण्याला शिखरापासून सव्वादोन वर्षांहून थोडा जास्त काळ लागला. त्याच्या बरोबरीने पडलेली कितीतरी नाणी अजून वर आलेली नाहीत.

पैसे गमावलेला माणूस सव्वादोन वर्षांचा विचार करत नाही. त्याला या महिन्यात, जमले तर या आठवड्यात बरोबरीला यायचे असते. आता स्वतःला विचारा: एका महिन्यात पैसे चौपट करू शकेल असा सौदा कोणता? जो तेवढ्याच सहजपणे उरलेली सगळी रक्कम बुडवू शकतो, तोच. लवकर भरून काढण्याची घाई आपल्याला बाजारातल्या सर्वांत धोक्याच्या कोपऱ्याकडे नेते. वाईट असे की हातात सर्वांत कमी भांडवल असताना आपण तिकडे निघतो.

मन तोटा कसा मोजते

१९७९ मध्ये डॅनिएल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात लोकांना विचारलेले दोन साधे प्रश्न होते. पहिला: नक्की ३००० मिळवाल, की ४००० मिळण्याची ८० टक्के शक्यता घ्याल? १०० पैकी ८० जणांनी नक्की मिळणारे ३००० निवडले. दुसरा प्रश्न तोच, फक्त उलटा: नक्की ३००० गमवाल, की ४००० गमावण्याची ८० टक्के शक्यता घ्याल? आता १०० पैकी ९२ जणांनी जुगार निवडला. चार हजारांच्या ८० टक्के म्हणजे सरासरी ३२०० चा तोटा, म्हणजे नक्कीच्या तोट्यापेक्षा जास्त. तरीही निवडला, कारण त्यात एक पळवाट होती: २० टक्के शक्यता काहीच न जाण्याची.

नफ्यात सावध असणारा माणूस तोट्यात धाडसी होतो, हा या निबंधाचा गाभा. पुढे १९९२ मध्ये त्याच दोघांनी आपल्या प्रयोगांतून अंदाज काढला, की गमावल्याचे दुःख तेवढीच रक्कम मिळवल्याच्या आनंदाच्या सुमारे सव्वादोन पट असते. दहा हजारांचा नफा झाला की आपण संध्याकाळी घरी काही गोड नेतो. दहा हजारांचा तोटा झाला की आठवडाभर जेवण गोड लागत नाही. या कामासाठी कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ट्वर्स्की १९९६ मध्येच वारले होते.

तोटा हा शब्द मन कशाच्या तुलनेत वापरते, ते समजून घ्यायला हवे. बाजाराला तुमचा खरेदीचा भाव ठाऊक नसतो. त्याला फक्त आजचा भाव ठाऊक असतो. खरेदीचा भाव तुमच्या डोक्यात कोरलेला असतो, आणि सगळे सुखदुःख त्या एका आकड्यापासून मोजले जाते. ‘माझा भाव आला की विकतो’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो. त्यातला ‘माझा भाव’ आपल्या मनाबाहेर कुठेच नसतो.

रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० मध्ये आणखी एक बारकावा टिपला. तोटा झाल्यावर माणूस एरवी हात आखडता घेतो. पण तोटा पूर्ण भरून निघेल असा एखादा डाव समोर ठेवला, तर तोच माणूस त्यावर झेप घेतो. बरोबरीला येण्याची आशा सावधपणाला हरवते. हे फक्त हौशी लोकांचे होते असेही नाही. जोशुआ कोव्हल आणि टायलर शमवे यांनी शिकागोच्या वायदेबाजारातल्या व्यावसायिक व्यापाऱ्यांचे १९९८ सालचे सौदे तपासले. सकाळी तोट्यात गेलेले व्यापारी दुपारी नेहमीपेक्षा जास्त जोखीम घेत होते. रोजची भाकरी ज्यांची बाजारावर, त्यांनाही सकाळ दुपारपासून वेगळी ठेवता येत नव्हती.

आपल्याकडचा आकडा आणखी बोलका आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये शेअरबाजारातल्या फ्युचर्स आणि ऑप्शन्सचा तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास मांडला. सौदे करणाऱ्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. आणि ओळीने दोन वर्षे तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक खेळत राहिले होते. हा अभ्यास क्रिप्टोचा नाही. पण माणसे तीच आहेत, मोबाइल तोच आहे आणि आशाही तीच आहे.

ज्या बाजाराला संध्याकाळ नाही

मुंबईचा शेअरबाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो. शनिवार-रविवारी कुलूप. निर्देशांक १० टक्के, १५ टक्के किंवा २० टक्के हलला, तर ठरलेल्या नियमाने सगळ्या बाजाराचे व्यवहार थांबवले जातात. या बंधनांमध्ये एक उपकार दडलेला आहे: साडेतीननंतर पडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशीच्या सव्वानवापर्यंत काहीच करता येत नाही. मधे जेवण होते, कोणाशी तरी बोलणे होते, झोप होते. राग निवायला लागतो तेवढा वेळ बाजारच काढून देतो.

क्रिप्टोला संध्याकाळ नाही, रविवार नाही, दिवाळी नाही. सगळा बाजार थांबवणारी घंटा नाही. १० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेने चीनवर शंभर टक्के जादा आयातकराची घोषणा केली आणि क्रिप्टोचे भाव घसरले. चोवीस तासांत सुमारे १९ अब्ज डॉलरचे लिव्हरेजचे सौदे आपोआप बंद केले गेले. घसरण सर्वांत तीव्र झाली तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून गेली होती. कितीतरी लोक रात्री सौदा चालू ठेवून झोपले असतील आणि सकाळी उठले तेव्हा सौदाच उरला नसेल.

लिव्हरेज म्हणजे काय, ते साध्या शब्दांत असे. तुमचे दहा हजार तारण ठेवून तुम्ही एक लाखाचा सौदा करता. भाव दहा टक्के तुमच्या बाजूने गेला की पैसे दुप्पट. दहा टक्के विरुद्ध गेला, बहुधा त्याच्या थोडा आधीच, की एक्स्चेंज तुमचे तारण जप्त करून सौदा बंद करते. यालाच लिक्विडेशन म्हणतात. दुसऱ्या दिवशी भाव पुन्हा वर आला, तरी तुम्हाला त्याचा उपयोग नाही. तुम्ही खेळाबाहेर असता. तुमचा अंदाज शेवटी बरोबर ठरतो आणि तरीही पैसे जातात. क्रिप्टोत एका दिवसात दहा टक्के हलणे ही दुर्मीळ घटना नाही, म्हणून हे नीट ध्यानात घ्यायला हवे.

मुंबईला हे नवे नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात नव्या कंपन्यांचे पीक आले आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरसाठी लोक वेडे झाले. पैसे नसतानाही पुढच्या तारखेचे सौदे झाले. १८६५च्या वसंतात युद्ध संपले, कापूस कोसळला आणि त्या सौद्यांची १ जुलै १८६५ ही तारीख उजाडली, तेव्हा पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. भाव पडल्यामुळे जितके बुडतात त्याहून खोल उसनवारीमुळे बुडतात, हे या शहराने दीडशे वर्षांपूर्वी पाहिले आहे.

स्वस्त झाले म्हणून

दुसरा डाव प्रत्येक वेळी मोठ्या जुगाराचे रूप घेऊन येत नाही. कधी तो शहाणपणाच्या वेशात येतो. त्याचे नाव ‘अ‍ॅव्हरेज करणे’: भाव पडला, आणखी घेतले, सरासरी खाली आली.

मे २०२२च्या सुरुवातीला लुना या नाण्याचा भाव ८० डॉलरच्या वर होता. टेरा या साखळीवरचे एक जोडनाणे नेहमी एक डॉलरचे राहील, अशी रचना होती, आणि ती टिकवण्यासाठी लागेल तितके नवे लुना तयार केले जात. लोकांचा विश्वास उडाला आणि सगळे एकदम जोडनाणे विकायला निघाले, तेव्हा ही रचनाच उलटी फिरली. डॉलरचा भाव राखण्यासाठी प्रचंड संख्येने नवे लुना ओतले गेले, त्याने लुनाचा भाव पडला, आणि तो पडला म्हणून आणखी ओतावे लागले. आठवडाभरात लुना एका सेंटच्याही खूप खाली गेले.

या उतरणीत प्रत्येक टप्प्यावर कोणाला तरी ते स्वस्त वाटले असणार. ८०चे ४० झाले, अर्ध्या भावात. ४०चे १० झाले, आता तर मातीमोल. १०चे एक झाले, इथून आणखी किती पडणार? एक अंकगणित पाठ करून ठेवावे: नव्वद टक्के पडलेले नाणे म्हणजे आधी ऐंशी टक्के पडलेले आणि तिथून पुन्हा निम्मे झालेले नाणे. ऐंशी टक्के पडल्यावर ‘आता तळ आला’ म्हणून घेणाऱ्याचे पैसे तिथून अर्धे होतात. कितीही पडलेली वस्तू इथून आणखी शंभर टक्के पडू शकते.

अ‍ॅव्हरेज करणे नेहमीच चूक असते, असे नाही. वस्तूचे मूल्य आपल्याला कळते, रक्कम आधीच ठरवलेली आहे आणि ती बुडाली तरी चालेल, असे असेल तर तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. पण घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: हे नाणे माझ्याकडे आज एकही नसते, तर आजच्या भावाला मी ते घेतले असते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तुम्ही नाणे विकत घेत नाही. स्वतःचा आधीचा निर्णय बरोबर ठरवायला पैसे मोजत आहात.

भारतातल्या खेळाडूसाठी दुसरा डाव अधिक तिरका

मनाला समजावताना कधी कधी कायदा अधिक उपयोगी पडतो. २०२२च्या अर्थसंकल्पाने क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लावला. त्यावर चार टक्के उपकर धरून ३१.२ टक्के. त्याच तरतुदीत असे आहे की एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

याचा अर्थ आकड्यांत पाहा. एका नाण्यात तुमचे एक लाख गेले. जिद्दीने दुसऱ्या नाण्यात तुम्ही एक लाख मिळवले. मन म्हणते, बरोबरी झाली. आयकर म्हणतो, नफा एक लाख. कर भरा ३१,२०० रुपये. खऱ्या बरोबरीला यायला तुम्हाला एक लाख नव्हे, जवळजवळ एक लाख पंचेचाळीस हजार मिळवावे लागतात. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस कापला जातो. विवरणपत्र भरताना तो हिशेबात धरला जातो हे खरे, पण तोवर पैसा अडकून राहतो. सगळे भांडवल घेऊन वीस वेळा खरेदी-विक्री केली, तर नफा-तोटा काही न होताही सुमारे अठरा टक्के भांडवल टीडीएसमध्ये गेलेले असते.

तोटा भरून काढण्यासाठी वारंवार सौदे करणाऱ्याच्या विरुद्ध ही सगळी रचना काम करते. ती न्याय्य आहे की नाही हा वेगळा वाद. पण खेळायला बसण्याआधी पट किती तिरका आहे ते दिसलेले बरे.

शिस्त कुठे ठेवायची

‘भावनांवर ताबा ठेवा’ असा उपदेश सगळे करतात आणि तो कोणाच्याही उपयोगी पडत नाही. अँड्र्यू लो आणि दिमित्री रेपिन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बोस्टनमध्ये प्रत्यक्ष सौदे करत असलेल्या व्यापाऱ्यांच्या शरीराला यंत्रे जोडून त्यांची नाडी आणि त्वचेवरचा घाम मोजला. बाजार हलला की मुरलेल्या व्यापाऱ्यांचे शरीरही हलत होते. छातीत धडधडणे थांबवणे हे आपले ध्येय नाही. धडधडत्या छातीने निर्णय घ्यायची वेळच येऊ नये, अशी व्यवस्था आधी करून ठेवणे हे ध्येय आहे. युधिष्ठिराला कळत होते, न्यूटनला कळत होते. कळण्याने भागत नाही.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी अनेक प्रयोगांतून दाखवले, की ‘मी संयम ठेवीन’ अशा मोघम निश्चयापेक्षा ‘अमुक घडले, तर मी तमुक करीन’ असा जर–तरचा निश्चय कितीतरी अधिक पाळला जातो. प्रसंग आधीच ओळखून ठेवला की तो आल्यावर विचार करत बसावे लागत नाही. म्हणून नियम शांत वेळी, हाताने, कागदावर लिहावेत. माझ्या मते पुढचे नियम प्रत्येकाच्या कागदावर असायला हवेत.

तोटा झाला, तर बहात्तर तास नवा सौदा नाही. बाजाराला संध्याकाळ नसेल तर ती आपण आणायची. फोनमधून अ‍ॅप काढून टाकले तरी नाणी जात नाहीत, खाते तिथेच राहते. फक्त पासवर्ड, चाव्या आणि दुहेरी पडताळणीची सोय आधी नीट जपून ठेवावी. पुन्हा अ‍ॅप टाकून लॉगिन करायला लागणारी दहा मिनिटेच कधी कधी वाचवतात.

लिव्हरेज नाही, आणि कर्जाचा एक रुपयाही नाही. सोने गहाण ठेवून नाही, क्रेडिट कार्डावर नाही, मित्राकडून आठवड्याच्या बोलीवर नाही. आपला पैसा बुडाला तर तोटा तिथे संपतो. कर्जाचा बुडाला तर हप्ता दर महिन्याला दारात उभा राहतो आणि त्या दडपणाखाली पुढचा निर्णय आणखी वाईट होतो.

सौदा करण्याआधी बाहेर पडायचा भाव लिहायचा, आणि तो भाव आला की खाली सरकवायचा नाही. किती पडल्यावर निघायचे, हे पडत असताना ठरवता येत नाही.

रात्री दहानंतर सौदा नाही, आणि जो सौदा झोप उडवतो तो झोपण्याआधी लहान करायचा.

याच्या जोडीला एक वही ठेवावी. आपल्याकडचा जुना व्यापारी रोज संध्याकाळी रोजमेळ घातल्याशिवाय पेढी बंद करत नसे. तशी ही वही. त्यात आकड्यांबरोबर दोन ओळी मनाच्याही लिहायच्या: हा सौदा का केला, आणि करताना कसे वाटत होते. ‘परवाचे गेलेले परत आणायला’ असे कारण तीन वेळा स्वतःच्या अक्षरात लिहिलेले दिसले, की दुसरा डाव आपल्याला दुरूनच ओळखता येतो. वहीत लबाडी करायची नाही एवढीच अट. एक्स्चेंजच्या अ‍ॅपवर हिरवा-लाल आकडा दिसतो. तुम्ही घातलेले एकूण पैसे आणि काढलेले एकूण पैसे यांची वजाबाकी बँकेच्या पासबुकात असते. ती दर महिन्याला वहीत उतरवावी.

बोलणे

शिस्तीचा सर्वांत अवघड भाग बाजाराशी संबंधित नाही. तो घरातल्या माणसांशी बोलण्याचा आहे. पैसे गेलेला माणूस बहुधा गप्प होतो. आईवडिलांना कळले तर, बायकोला कळले तर, या भीतीने तो तोटा लपवतो. आणि लपवलेला तोटा कोणाला कळण्याआधी भरून काढणे भाग पडते. घाईचा उगम अनेकदा या गुपितात असतो. ज्या दिवशी ‘माझे एवढे गेले’ हे वाक्य घरात बोलले जाते, त्या दिवशी दोन-चार कडवट शब्द ऐकावे लागतात, पण घाईचे कारण जाते. आता कोणाच्या लक्षात येण्याआधी काही करायचे उरत नाही. ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे: पहिल्या दिवशी त्याला मूर्ख म्हणू नका. तो तुमच्यापाशी आला आहे, याचा अर्थ तो दुसऱ्या डावापासून निघाला आहे.

गप्प राहणाऱ्याला गाठायला आणखी लोक टपलेले असतात. ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा’ असे सांगणारे फोन आणि मेसेज हे सरळ फसवणुकीचे असतात. कोणी फसवून पैसे घेतले असतील, तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. जितकी लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. आणि झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फिरवावा. तो दिवसरात्र चालतो, फुकट आहे, आणि पलीकडचा माणूस तुम्हाला किती गेले हे विचारून हसत नाही.

वाटेवरचा निरोप

तोटा भरून काढणे हे काम नोकरीतून, धंद्यातून, खर्चातून, हळूहळूही होते. दरमहा पाच हजार बाजूला टाकणाऱ्याचे चाळीस हजार आठ महिन्यांत परत येतात, आणि ते नक्की येतात. मनाला हे पटत नाही, कारण त्याला पैसा जिथे हरवला तिथेच सापडायला हवा असतो. पण रुपयावर तो कुठून आला हे लिहिलेले नसते.

काही जण हे सगळे करून, नियम लिहून, छोट्या रकमेने बाजारात परत जातील. काही जण कायमचे बाहेर पडतील. दोन्ही निर्णय मान देण्यासारखे आहेत, फक्त ते घेताना गेलेले पैसे समोर उभे नसावेत.

प्रातिकामी येतोच. आज तो मोबाइलवर येतो; भाव वर गेल्याची सूचना, मित्राचा स्क्रीनशॉट, टेलिग्रामवरचा ‘शेवटची संधी’ म्हणणारा संदेश. तो हरलेल्या सभेत गाठत नाही. सगळे सावरले आहे, घराची वाट धरली आहे, तेव्हा मागून हाक मारतो. त्या क्षणी काय बोलायचे ते शोधायला लागलात तर रथ वळलाच म्हणून समजा. म्हणून आज, शांतपणे, स्वतःच्या अक्षरात उत्तर लिहून ठेवा आणि तो कागद पाकिटात ठेवा.